उष्ट्या पाण्याची साक्ष

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रकल्पासाठी मी जो विषय घेतला, त्याचे शीर्षक 'प्रकाशमान जिवाणूंमधील गणपूर्ती संवेदन' असे होते. ग्रामसभेला ठरावीक संख्येने माणसे जमल्याशिवाय कामकाज सुरू होत नाही. जिवाणूंचेही काही बाबतींत तसेच असते. एकट्यादुकट्याने करून उपयोग नसलेले काम ते पुरेसे जण जमल्यावरच हाती घेतात, आणि किती जण जमले हे प्रत्येकाने पाण्यात सोडलेल्या रसायनाच्या प्रमाणावरून ओळखतात, एवढे मला पाठ होते. पाठ असणे आणि पटणे यांत मात्र अंतर असते. 'जिवाणू एकमेकांशी रासायनिक भाषेत बोलतात' हे वाक्य मी परीक्षेत अनेकदा लिहिले होते, पण त्याला पुरावा काय, असे कोणी विचारले असते तर पुस्तकातली आकृती काढून दाखवण्यापलीकडे माझ्याजवळ काही नव्हते. मार्गदर्शक मॅडमनी पहिल्याच दिवशी नेमके तेच विचारले. केनेथ नीलसन, टेरी प्लॅट आणि वुडलंड हेस्टिंग्ज या अमेरिकी संशोधकांनी १९७० साली प्रसिद्ध केलेला मूळ प्रयोग आपल्या रत्नागिरीतल्या प्रयोगशाळेत, आपल्याकडे आहेत त्या साधनांनी पुन्हा उभा करायचा, असे त्या दिवशी ठरले.

प्रयोगाचा जिवाणू, व्हिब्रिओ फिशेरी, आम्ही चंडीगडच्या सूक्ष्मजीव संग्रहातून मागवला होता. (२००७ पासून त्याचे शास्त्रीय नाव अलिव्हिब्रिओ फिशेरी असे झाले आहे, पण प्रयोगशाळेत सगळे जुन्याच नावाने बोलतात.) तो येईपर्यंत मॅडमनी मला मिरकरवाड्याच्या बंदरावर पाठवले. बर्फात न ठेवलेली आणि गोड्या पाण्याने न धुतलेली माकुले (स्क्विड) हवी होती, कारण गोड्या पाण्याने समुद्री जिवाणू मरतात. मासे विकणाऱ्या मावशींना माझी मागणी विचित्र वाटली, तरी त्यांनी होडीतून नुकत्याच उतरवलेल्या टोपलीतून तीन माकुले काढून दिली. काचेच्या ट्रेमध्ये ती अर्धी बुडतील एवढे समुद्राचे पाणी ओतले आणि ट्रे रात्रभर वीस अंशांवर बीओडी इन्क्युबेटरमध्ये ठेवला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो भौतिकशास्त्र विभागाच्या डार्करूममध्ये नेला. सुरुवातीला काहीच दिसेना. डोळे अंधाराला सरावायला पंधरा-वीस मिनिटे लागतात हे ठाऊक असूनही मी निराश होऊन दाराकडे वळले होते, तेवढ्यात ट्रेच्या जागी निळसर हिरवे ठिपके दिसू लागले. माकुलाच्या कातडीवर, पाण्याच्या रेषेच्या जरा वर, मोहरीएवढे सात-आठ ठिपके स्थिरपणे तेवत होते.

त्या स्थिरपणाबद्दल थोडे सांगायला हवे, कारण कोकणात राहणाऱ्या प्रत्येकाला रात्री चमकणाऱ्या लाटा ठाऊक असतात आणि या दोन गोष्टींची हमखास गल्लत होते. लाटा चमकतात त्या बहुधा नॉक्टिल्युकासारख्या एकपेशीय जीवांमुळे. पाणी ढवळले, पाय मारला, की ते क्षणभर चमकून विझतात. जिवाणूंचा प्रकाश धक्क्यावर अवलंबून नसतो. पुरेशी दाटी आणि पुरेसा प्राणवायू असेपर्यंत तो तासन् तास चालू राहतो. माकुलावर दिसलेले ठिपके म्हणजे एकेका जिवाणूपासून वाढलेल्या लक्षावधींच्या वसाहती होत्या. ट्रेमधल्या बाकीच्या पाण्यातही तोच जिवाणू विखुरलेला असणारच, पण ते पाणी काळेच होते.

माकुलावरचा तो जिवाणू नेमका कोणता हे ओळखायला वेळ लागला असता, म्हणून मुख्य प्रयोग चंडीगडहून आलेल्या व्हिब्रिओ फिशेरीवरच करायचे ठरले. त्याच्यासाठी ब्रॉथ, म्हणजे जिवाणू वाढवायचे पोषक द्रावण, बनवायचा तो तीन भाग समुद्राच्या आणि एक भाग ऊर्ध्वपातित पाण्यात पेप्टोन, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट आणि थोडे ग्लिसरॉल घालून. पाणी भाट्याच्या किनाऱ्यावरून आणायचे, पण तिथे काजळी नदीचे मुख असल्यामुळे भरतीची वेळ साधून आणि मुखापासून लांब जाऊन भरायचे. ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या भांड्यातून, काढल्यावर या पाण्यात पांढरा साका बसतो, तो गाळून घ्यावा लागतो, नाहीतर पुढे कलरीमीटरवर गढूळपणा मोजताना तो साकाच जिवाणू म्हणून मोजला जातो. पहिल्या आठवड्यातली माझी सगळी वाचने याच कारणाने बाद झाली. समुद्राच्या पाण्याचा सामू (पीएच, म्हणजे आम्लता-अल्कता दाखवणारा आकडा) आठाच्या किंचित वर असतो, म्हणून मी ट्रिस हे सामू स्थिर ठेवणारे रसायन घालून ब्रॉथचा सामू ८.२ वर बांधून घेतला. जिवाणूला घरच्यासारखे वाटावे, एवढाच त्यामागे विचार होता, आणि या निर्णयाची किंमत मला पुढे मोजावी लागली.

मी पाहिलेली पहिली खरी गोष्ट ही दोन परीक्षानळ्यांची होती. रात्रभर वाढून लख्ख उजळलेल्या ब्रॉथचा एक थेंब हजारपट पातळ करून ताज्या ब्रॉथमध्ये सोडला, की प्रकाश दिसेनासा होतो. यात नवल नाही, जिवाणूच हजारपट कमी झाले. पण मग ते वाढू लागतात, ब्रॉथ हळूहळू धूसर होतो, आणि प्रकाश मात्र येत नाही. त्या वाढणाऱ्या ब्रॉथचे कलरीमीटरवरचे वाचन ०.१ झाले, तेव्हा मी रात्रीच्या उजळ ब्रॉथचा दुसरा नमुना ताज्या ब्रॉथमध्ये तेवढ्याच वाचनापर्यंत पातळ केला. दोन नळ्या, दोन्हींचा गढूळपणा सारखा, म्हणजे दोन्हींत जिवाणूंची संख्या जवळपास सारखी. डार्करूममध्ये नेल्यावर त्यातली एक फिकट निळी दिसली आणि दुसरी हाताला लागली तेवढीच, डोळ्यांना दिसली नाही. एकाच वंशाचे, एकाच संख्येचे जिवाणू एका नळीत दिवा लावून बसले होते आणि दुसरीत अंधारात. गर्दीत राहून आलेल्या पेशींनी प्रकाशाची सामग्री आधीच बनवलेली होती, तर विरळ पाण्यात जन्मलेल्या पेशींनी ती बनवायला घेतलीच नव्हती. पुढच्या तासाभरात ती काळी नळीही उजळली, आणि उजळली ती एवढ्या वेगाने की त्या काळात जिवाणू फार तर दुप्पट झाले असतील, प्रकाश मात्र डोळ्यांदेखत कितीतरी पटींनी वाढला.

यामागची यंत्रणा आता चांगली उलगडलेली आहे. लक्स-आय नावाचे एन्झाइम एक लहानसा रेणू बनवते. तो पेशीच्या आवरणातून सहज आतबाहेर करतो, त्यामुळे एकट्या पेशीने बनवलेला रेणू समुद्रात वाहून जातो आणि दाटीत मात्र तो साचत जातो. लिटरला काही नॅनोमोल एवढे अत्यल्प प्रमाण झाले, की तो लक्स-आर नावाच्या प्रथिनाला जाऊन चिकटतो आणि ही जोडी प्रकाशाची जनुके चालू करते. त्याच जनुकांच्या रांगेत लक्स-आयचेही जनुक असल्यामुळे रेणू आणखी बनतो, आणखी पेशी जाग्या होतात, आणि म्हणूनच नळी हळूहळू न उजळता एकदम पेट घेते. या रेणूची रचना एबरहार्ड आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये ठरवली, १९८३ मध्ये एंगेब्रेख्ट, नीलसन आणि सिल्व्हरमन यांनी ही जनुके ई. कोलाय या जिवाणूत घालून तो उजळवला, आणि 'कोरम सेन्सिंग', म्हणजेच गणपूर्ती संवेदन, हे नाव १९९४ साली रूढ झाले. हवाईच्या किनाऱ्यावरच्या एका छोट्या माकुलाच्या पोटाशी याच जिवाणूसाठी खास अवयव असतो. बाहेर समुद्रात मिलिलीटरला शेकड्यांत असलेला जिवाणू तिथे मिलिलीटरला दहा अब्जांहूनही दाट वाढतो. रात्री त्या प्रकाशाने माकुलाची सावली पुसली जाते आणि रोज पहाटे ते आपले नव्वद टक्क्यांहून अधिक जिवाणू पाण्यात सोडून देते.

परंतु १९७० साली यातले काहीच हाती नव्हते. त्याआधी, १९६८ मध्ये, केम्पनर आणि हॅन्सन यांनी वेगळे स्पष्टीकरण मांडले होते: ताज्या ब्रॉथमध्येच प्रकाशाला अडवणारे काहीतरी असते, जिवाणू वाढता वाढता ते संपवतात, आणि अडसर गेला की उजेड पडतो. मला हे स्पष्टीकरण वाचताना जाणवले, की माझ्या दोन नळ्यांनी त्याचे काहीही खंडन केलेले नव्हते. जिवाणू काहीतरी 'बोलले' आणि जिवाणूंनी काहीतरी 'खाऊन संपवले', या दोन्हींतून अंधाराचा उजेड होताना अगदी सारखाच दिसला असता. बोलण्याचा पुरावा हवा असेल तर बोलणाऱ्याला बाजूला काढून त्याचा शब्द तेवढा मागे उरतो का, हे पाहावे लागते. म्हणजे दाट वाढलेल्या ब्रॉथमधले सगळे जिवाणू गाळून टाकायचे आणि उरलेले पाणी विरळ, अंधाऱ्या पेशींना द्यायचे. त्या पाण्याला आम्ही प्रयोगशाळेत 'उष्टा ब्रॉथ' म्हणू लागलो, आणि ते नाव अगदी चपखल होते.

सेंट्रिफ्यूजमध्ये वेगाने फिरवून जिवाणू तळाशी बसवून आणि वरचे पाणी ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून मी भरपूर उष्टा ब्रॉथ एकदाच काढून ठेवला. गाळण्या महाग होत्या आणि पुन:पुन्हा तो खर्च नको होता. मग परीक्षा आल्या, काम सहा दिवस थांबले आणि ती बाटली तेवढे दिवस टेबलावरच राहिली. नंतर निम्मा उष्टा आणि निम्मा ताजा ब्रॉथ घेऊन मी प्रयोग लावला. शेजारी, उष्ट्याऐवजी नुसते समुद्राचे पाणी मिसळलेल्या नळ्या ठेवल्या. दर पंधरा मिनिटांनी डार्करूमच्या फेऱ्या सुरू केल्या. दोन्ही प्रकारच्या नळ्या जवळपास एकाच वेळी उजळल्या. दुसऱ्या दिवशीही तेच झाले, आणि तिसऱ्या दिवशीही. मी वहीत 'परिणाम नाही' असे लिहिले आणि त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण जगभर मान्य झालेला प्रयोग माझ्या हातून होत नव्हता आणि चूक कुठे आहे हे सांगता येत नव्हते.

मॅडमनी वही शांतपणे वाचली आणि एकच प्रश्न विचारला, "अगं, पाणी किती दिवसांचे आहे आणि त्याचा सामू किती आहे?" सामू मोजला तो ८.३ निघाला. त्यांनी फळ्यावर त्या रेणूची आकृती काढली. त्याच्या एका टोकाला पाच अणूंचे एक कडे असते, त्याला लॅक्टोन म्हणतात. अल्कधर्मी पाण्यात हे कडे उघडते, उघडलेला रेणू लक्स-आरला ओळखू येत नाही, आणि शेपटी जितकी आखूड तितके कडे लवकर उघडते. आमच्या जिवाणूचा रेणू आखूड शेपटीचाच. जिवाणूला घरच्यासारखे वाटावे म्हणून बांधलेल्या सामूनेच त्याचा निरोप पुसून टाकला होता. वाढत्या नळीत ही अडचण कळून येत नाही, कारण तिथे पेशी रेणू सतत नव्याने बनवत असतात. सहा दिवस टेबलावर पडलेल्या पाण्यात बनवणारे कोणीच नव्हते. मॅडमनी पुढे जे सांगितले त्यावर माझा चटकन विश्वास बसला नाही: आम्लात ठेवले तर उघडलेले कडे पुन्हा मिटते.

मी उरलेल्या उष्ट्या ब्रॉथचा निम्मा भाग वेगळा काढला, हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकत त्याचा सामू २ वर आणला आणि तो तसाच दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवला. मग सोड्याच्या द्रावणाने सामू ७ वर आणून तो पुन्हा गाळला. याच वेळी ताजा ब्रॉथही अशाच रीतीने आम्लात ठेवून परत आणला, कारण उजेड पडला तर तो आम्लाच्या उपचाराने पडला असे कोणी म्हणू नये. शिवाय त्याच माध्यमात वाढवलेल्या के-१२ या वाणाच्या ई. कोलायचा उष्टा ब्रॉथ घेतला. हा जिवाणू तो रेणू बनवत नाही, पण ब्रॉथमधले खाद्य तोही खातो, म्हणून 'अडसर संपवणे' हेच कारण असेल तर त्याच्या पाण्यानेही उजेड लवकर पडायला हवा होता. त्या सकाळी नव्याने काढलेला व्हिब्रिओचा उष्टा ब्रॉथ, जुना न सुधारलेला, आणि नुसते समुद्राचे पाणी, असे मिळून सहा प्रकार झाले. प्रत्येकाच्या दोन, अशा बारा नळ्या.

आमच्याकडे प्रकाश मोजणारे यंत्र नव्हते. डोळा हेच साधन, आणि उत्सुक माणसाच्या डोळ्याला हवे ते दिसते. म्हणून मैत्रिणीने माझ्या पश्चात नळ्यांवर खुणेचे आकडे घातले आणि त्यांची यादी पाकिटात बंद केली. नळ्या पाहायला आम्ही प्रयोगशाळेतल्या मामांना विनंती केली. त्यांनी तीस वर्षे काचसामान धुतले होते, पण प्रयोग काय आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. डार्करूममध्ये स्टुलावर बसून ते दर पंधरा मिनिटांनी नळ्यांच्या रांगेवरून नजर फिरवत, नळी हलवून पाहत, आणि उजळलेली नळी रांगेतून काढून डाव्या हाताला ठेवत. हलवणे आवश्यक होते, कारण स्थिर ठेवलेल्या नळीत जिवाणू प्राणवायू संपवतात आणि प्रकाश फक्त वरच्या पातळीपाशी बारीक कड्यासारखा राहतो. हलवली की उजेड तळापर्यंत उतरतो. साडेतीन तासांनंतर अंधारातून मामांचा आवाज आला, "बाय, ही एक लागली." थोड्याच वेळात आणखी एक, मग एकदम दोन. त्यानंतर मात्र बराच वेळ काहीच आले नाही. मी बाहेर वहीवर वेळा टिपत होते आणि आतल्या शांततेचे एकेक मिनिट मोजत होते. उरलेल्या आठ नळ्या एका तासाहून अधिक उशिराने, एकापाठोपाठ एक लागल्या.

पाकीट उघडले. पहिल्या चारांत त्या सकाळच्या उष्ट्या ब्रॉथच्या दोन नळ्या होत्या आणि आम्लात ठेवून परत आणलेल्या जुन्या ब्रॉथच्या दोन. न सुधारलेला जुना ब्रॉथ मागेच राहिला होता, आम्लातून काढलेला ताजा ब्रॉथही मागेच. ई. कोलायच्या पाण्याच्या नळ्या मागच्या आठांत सर्वांत आधी लागल्या होत्या, साध्या पाण्याच्या पंधरा मिनिटे आधी. ही पंधरा मिनिटे मी अहवालात मुद्दाम ठळकपणे लिहिली, कारण ब्रॉथमधला अडसर हे निव्वळ चुकीचे स्पष्टीकरण नसावे, त्याचा थोडा वाटा असावा, असे त्यातून दिसत होते. उजळताक्षणी प्रत्येक नळीचे वाचन मी घेतले होते. पहिल्या चार नळ्या इतरांपेक्षा कितीतरी कमी गढूळ असतानाच उजळल्या होत्या, म्हणजे त्यांतले जिवाणू वेगाने वाढले नव्हते, तर विरळ असतानाच त्यांना दाटीचा निरोप मिळाला होता. निरोप देणारे जिवाणू त्या पाण्यात नव्हतेच. ते गाळणीवर राहिले होते.

त्या संध्याकाळी मॅडमनी शंभुनाथ डे यांची आठवण काढली. कोलकात्याच्या या शास्त्रज्ञाने १९५९ साली पटकीच्या जिवाणूंचा ब्रॉथ पूर्ण गाळून, जिवाणूविरहित पाणी सशाच्या आतड्याच्या बांधलेल्या भागात सोडले आणि तेवढ्यानेच आतडे पाण्याने फुगते, हे दाखवून पटकीचे विष सिद्ध केले. जिवाणूला वगळून पाण्याला विचारायचे, हीच ती रीत. आपल्या देशात इतक्या आधी एवढ्या साध्या साधनांनी झालेले हे काम सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्या वर्षीच शिकवले पाहिजे, असे मला तेव्हाही वाटले आणि आता शिकवताना अधिकच वाटते.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी माझी खरी कसोटी पाहिली. रोझमेरी रेडफील्ड यांनी २००२ मध्ये मांडलेला आक्षेप त्यांनी पुढे ठेवला: कदाचित पेशी शेजारी मोजतच नसेल, आपण सोडलेली गोष्ट वाहून जाते की भोवती साचून राहते, एवढेच ती अजमावत असेल. बंदिस्त जागेत अडकलेल्या एकट्या पेशीलाही रेणू साचलेलाच जाणवेल. मी उत्तर दिले, की माझ्या नळ्यांत दाटी आणि साचणे या दोन गोष्टी एकत्रच वाढत होत्या, माझा प्रयोग त्यांना वेगळे करू शकत नाही. पेशींमधला निरोप पाण्यातून जातो एवढेच मी दाखवले आहे, तो कशासाठी आहे हे नाही. त्यांनी दुसरा प्रश्न विचारला, की जिवाणू गर्दी झाल्यावर हल्ला करतात असे सरसकट म्हणता येईल का? तिथे पटकीचा जिवाणू पुन्हा कामी आला. तो विरळ असताना विष बनवतो आणि चिकट थर धरून राहतो, दाटी झाली की ही दोन्ही कामे बंद करून आतड्यातून सुटायची तयारी करतो. निरोप तोच, 'आपण पुष्कळ झालो', पण त्यावर काय करायचे हे प्रत्येक जात आपापल्या जगण्याप्रमाणे ठरवते.

आता मी स्वतः एका महाविद्यालयात शिकवते आणि दर डिसेंबरमध्ये मुलांकडून हा प्रयोग करून घेते. ब्रॉथ ७ ते ७.५ या सामूवर बांधतो, उष्टा ब्रॉथ त्याच दिवशी वापरतो किंवा आम्लधर्मी करून फ्रीझरमध्ये ठेवतो, तापमान पंचवीसच्या वर जाऊ देत नाही, आणि डार्करूममध्ये शिरल्यावर पहिली वीस मिनिटे कोणालाही मोबाइल उघडू देत नाही. एक बाटली मात्र मी मुद्दाम जुन्या पद्धतीने ८.२ वर बांधून आठवडाभर टेबलावर ठेवते. तिचे पाणी मुलांना न सांगता एका नळीत मिसळते, आणि ती नळी मागे का राहिली हे त्यांनी स्वतः शोधेपर्यंत वाट पाहते.